गठ्ठ्यातला कागद आणि हातातली पोच



आपल्या गटांच्या बैठकांत हिशेब झाला, बचतीची वही मिटली, की बोलणं हटकून एका विषयाकडे वळतं. कुणाच्या सासूबाईंचं रेशनकार्डावरचं नाव, कुणाच्या मुलाचा जातीचा दाखला, कुणाचा उत्पन्नाचा दाखला. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "ताई, कागद दिलाय, पण तो आत्ता आहे कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर मी आज थोडं लांबून देणार आहे. कागद कुठं अडतो, का अडतो, आणि तो अडू नये म्हणून आपल्या महाराष्ट्रात कुणी काय काय केलं, याला मोठा इतिहास आहे. राजा-महाराजांच्या इतिहासासारखा तो शाळेत शिकवत नाहीत. पण रोजच्या जगण्यात आपला जास्त संबंध याच इतिहासाशी येतो.

सुरुवात गावापासून करू. एके काळी गावाचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असायचं. जमीन कुणाची, सारा किती, बाकी कुणाकडे, हे सगळं त्याच्या वहीत. ते काम वतनाचं होतं, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारं. लिहिणं मोडी लिपीत. शेतकऱ्याला वाचता येत नसे, त्यामुळे वहीत काय लिहिलंय हे तोच सांगणार आणि आपण मान हलवणार. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला, त्यात हे दुखणं पहिल्याच प्रकरणात मांडलं आहे. सरकारी खात्यांत एकाच जातीच्या कामगारांचा भरणा आहे आणि अडाणी शेतकरी त्यांच्या हातात सापडतो, हा त्यांचा आरोप होता. कागद ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

इंग्रज सरकारने १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा केला. आज आपण ज्याला सातबारा म्हणतो, त्याची मुळं तिथं आहेत. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन्ही एकत्र करून सातबारा. नोंद ठरलेल्या नमुन्यात आली, पण लिहिणारा हात बराच काळ तोच राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली आणि पगारी तलाठी आला. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचं पदही संपलं. वंशपरंपरेने मिळणारं काम आता नेमणुकीने मिळू लागलं. त्यानंतर १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा झाला. आपला अर्ज आपल्या भाषेत आणि त्याचं उत्तरही आपल्या भाषेत, हे आज इतकं साधं वाटतं की तीही एक सुधारणा होती हे विसरायला होतं.

आता आपल्या मुर्ध्याकडे पाहा. आपल्याकडच्या साठी-सत्तरीच्या बायकांना विचारा, त्या सांगतील की तेव्हा सगळं ग्रामपंचायतीत व्हायचं. मिठागरं, शेती, खाडी आणि पंचायत, एवढंच जग. १२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली. १९९० साली आपल्या राई-मुर्ध्याची पंचायत आणि डोंगरी, उत्तन, वर्सोव्याच्या पंचायती तिच्यात आल्या. २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका झाली. म्हणजे ज्या बाईचा जन्म पंचायतीच्या काळातला, तिचं लग्न नगरपरिषदेच्या काळात झालं आणि नातवाचा दाखला महानगरपालिकेचा. बाई एकाच गल्लीत राहिली, पण तिचं कार्यालय दोनदा बदललं. पूर्वी सरपंच ओळखीचा होता, चुलत्याच्या नात्यातला होता. आता खिडकीपलीकडचा माणूस आपल्याला ओळखत नाही, आणि ओळखावं अशी अपेक्षाही नाही. ओळख नसतानाही काम झालं पाहिजे, हीच तर सुधारणेची खरी कसोटी आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कुठला नवा कायदा आणला नाही, नवी योजनाही नाही. त्यांनी कार्यालयातली टेबलं आणि कपाटं पाहिली.

त्या वेळच्या सरकारी कार्यालयाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. टेबलावर कागदांचे ढीग, कपाटावर लाल कापडात बांधलेली धुळकट गाठोडी, कपाटांच्या आड बसलेला कारकून. पंचवीस वर्षांपूर्वीचा निकाली कागद आणि कालचा तातडीचा अर्ज, दोन्ही एकाच ढिगात. अर्ज सापडत नाही, याचं कारण दर वेळी लबाडी नसायचं. पुष्कळदा तो खरोखरच सापडत नसे.

लखिनांनी सांगितलं, प्रत्येक कारकुनाने आपल्याकडचे सगळे कागद वेगळे करायचे आणि त्यांचे सहा गठ्ठे बांधायचे. पहिल्यात आपण स्वतः काम करायचं बाकी आहे ती प्रकरणं. दुसऱ्यात दुसऱ्या कुणाकडून उत्तर यायचं आहे ती, म्हणजे प्रतीक्षाधीन. तिसऱ्यात ठरावीक मुदतीने पाठवायची माहिती, म्हणजे नियतकालिकं. चौथ्यात कायमचे आदेश आणि नियम, ज्यांच्या आधाराने काम करायचं. पाचव्यात काम संपलेले, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद. आणि सहाव्यात नष्ट करायचे कागद. काम संपलेल्या कागदांना अ, ब, क, ड असे वर्ग. 'अ' वर्गाचा कागद कायम जपायचा, 'ड' वर्गाचा थोड्या काळाने काढून टाकायचा.

मैत्रिणींनो, तुम्ही हसाल, पण हे आपल्या स्वयंपाकघरातल्यासारखंच आहे. डाळीचा डबा, मिठाची बरणी, रोजचं पीठ आणि वर्षाचं धान्य आपण एकाच पिंपात ओतत नाही. बाहेरच्या बाईलाही आपल्या घरात मीठ सापडावं, इतकी मांडणी सरळ असते. लखिनांनी दप्तराला तीच शिस्त लावली. त्याबरोबर बसण्याची मांडणीही बदलली, म्हणजे कारकून आणि त्याचा वरिष्ठ एकमेकांच्या नजरेत राहतील. लोकांनी टेबलामागून टेबल फिरू नये, यासाठीही व्यवस्था केली. कुणाकडे कुठलं काम आहे हे लिहून ठेवलं.

यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. पहिला आणि दुसरा गठ्ठा वेगळा केला, की "वर पाठवलंय" हे उत्तर तपासता येतं. कागद खरंच दुसऱ्याकडे गेला असेल तर तो प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात आणि नोंदवहीत दिसेल. नसेल तर तो याच टेबलावर आहे. कोण थांबलंय आणि कुणामुळे थांबलंय, हे गठ्ठाच बोलतो. राज्य सरकारने ही पद्धत पुढे इतर कार्यालयांसाठीही स्वीकारली आणि 'लखिना पॅटर्न' हे नाव रूढ झालं. आजही महसूल खात्यातल्या जुन्या माणसाला 'सहा गठ्ठे' म्हटलं की लगेच कळतं.

मग प्रश्न असा, की इतकी चांगली पद्धत १९८० च्या दशकात आली, तर आपल्या आयांनी नंतरही वर्षानुवर्षं खेटे का घातले?

याचं एक उत्तर असं, की पद्धत अधिकाऱ्यावर अवलंबून राहिली. साहेब शिस्तीचे असले की गठ्ठे बांधले जायचे, साहेबांची बदली झाली की ढीग पुन्हा वाढायचा. पुण्यात विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी २०१७ च्या सुमारास 'झिरो पेंडन्सी' मोहीम चालवली, म्हणजे बाकी काम शून्यावर आणायचं आणि रोजचं काम रोज संपवायचं. तेव्हाही पुन्हा जुने कागद वेगळे करणं आणि सहा गठ्ठे बांधणं इथूनच सुरुवात करावी लागली. पस्तीस वर्षांनी तेच काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे मधल्या काळात घडी विस्कटली होतीच.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लखिना पद्धतीत गठ्ठ्याकडे पाहायचा अधिकार साहेबांना होता. बाकावर बसलेल्या बाईला नव्हता.

तो अधिकार मिळवायला वेगळी लढाई लागली. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने रोजगाराच्या कामांचे हिशेब गावासमोर वाचून दाखवायची मागणी केली. रोज मजुरी करणाऱ्या बाया त्यात पुढे होत्या, कारण हजेरीपत्रकावर कुणाची नावं आहेत हे त्यांना पाहायचं होतं. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी या मागणीसाठी आंदोलनं केली. राज्यात २००० साली माहितीच्या अधिकाराचा एक कायदा झाला, पण तो फार कमजोर होता. त्याच्या जागी २००२ मध्ये जास्त बळकट व्यवस्था आली. हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण सुरू केलं आणि त्याच सुमारास त्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. देशभराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही शुल्क नाही.

त्या कायद्यातलं एक कलम लखिनांच्या कामाशी थेट जोडलेलं आहे. प्रत्येक कार्यालयाने आपले सगळे अभिलेख नीट लावून, त्यांची सूची करून ठेवावी, असं कलम ४ सांगतं. कारण उघड आहे. कागद पाहायचा हक्क दिला आणि कागदच सापडला नाही, तर त्या हक्काचं काय लोणचं घालायचं?

माहिती मिळू लागली. पण माहिती म्हणजे काम नव्हे. "तुमचा अर्ज प्रलंबित आहे" ही माहिती तीस दिवसांनी मिळाली, तरी दाखला हातात नाही तो नाहीच. म्हणून पुढची पायरी होती मुदतीची. आपल्या राज्याने बदल्यांचा आणि विलंब रोखण्याचा एक कायदा केला. नाव लांबलचक आहे, लोक त्याला 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. १ जुलै २००६ पासून तो लागू आहे. साधी फाइल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, तातडीची चार दिवसांत निघावी, आणि निर्णयापर्यंत जाताना तिला शक्यतो तीनपेक्षा जास्त पातळ्या चढायला लागू नयेत, असं तो सांगतो. कुठल्या सेवेला किती दिवस लागतील याची नागरिकांची सनद प्रत्येक कार्यालयाने काढावी, हेही त्यात आहे. सनदेची कल्पना इंग्लंडमध्ये १९९१ साली आली आणि १९९७ पासून आपल्याकडेही सरकारने ती स्वीकारली. पण भिंतीवर लावलेली सनद म्हणजे वचन. ते मोडलं तर पुढे काय, हे सामान्य माणसाला कुणी सांगितलं नव्हतं.

ते सांगणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. २८ एप्रिल २०१५ पासून तो लागू आहे. मध्य प्रदेशने २०१० मध्येच असा कायदा केला होता, बिहारने २०११ मध्ये. आपल्या कायद्यात अधिसूचित केलेली सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणं हा आपला हक्क आहे, उपकार नाही. सेवा मिळाली नाही, किंवा कारण न पटणारा नकार मिळाला, तर तीस दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे. तिथं नाही झालं तर दुसरं अपील आणखी वरच्या अधिकाऱ्याकडे. तिसरं राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. योग्य कारणाशिवाय उशीर केलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्याच्या खिशातून जातो.

आता हा सगळा इतिहास एका ओळीत ठेवून पाहू. आधी कागद एका घराण्याच्या हातातून सुटला. मग तो आपल्या भाषेत आला. मग त्याची जागा ठरली. मग तो पाहायचा हक्क मिळाला. आणि शेवटी त्याला तारीख मिळाली. एकेक पायरी आधीच्या पायरीत जे अपुरं राहिलं, त्यातून आली.

पण मला यात एक उणीव दिसते आणि ती बायकांच्या बाजूची आहे. कागद लवकर मिळणं ही एक गोष्ट, आणि त्या कागदावर बाईचं नाव असणं ही दुसरी. चोवीस तासांत मिळणाऱ्या सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं असतील, तर त्या वेगाचा बाईला काय उपयोग? १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली होती. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं, ते गाव लक्ष्मीमुक्त. तलाठ्याच्या वहीत ही एक फेरफार नोंद, पण घरात केवढा बदल. आणि अलीकडचं उदाहरण म्हणजे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम सरकारी कागदांसाठी ठरला. नावाच्या क्रमात एक शब्द वाढला, एवढंच. पण तो शब्द नव्हता तोवर मुलाच्या नावात आई कुठंच नव्हती.

दुसरी गोष्ट, कागद लवकर देण्यापेक्षा तो मागूच नये, ही कधी कधी जास्त मोठी सुधारणा असते. २०२४ च्या जूनअखेर 'लाडकी बहीण' योजना जाहीर झाली तेव्हाची गर्दी तुम्हाला आठवत असेल. उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, सगळ्या खिडक्यांवर बायकांच्या रांगा. ती गर्दी कमी झाली ती जास्त कारकून बसवून नव्हे. सरकारने अटी सैल केल्या. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, अधिवासाऐवजी जुनं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल. जी माहिती सरकारच्याच एका खात्याकडे आहे, तिचा दाखला काढायला आपण दुसऱ्या खात्याच्या रांगेत का उभं राहायचं, हा प्रश्न त्या निमित्ताने सगळ्यांना पडला. तो आपण विसरता कामा नये.

कारकुनाची बाजूही सांगितली पाहिजे. एकेका माणसाकडे दोन-दोन टेबलांचा भार असतो. निवडणूक आली की तो तिकडे. खिडकीवर आपला राग त्याच्यावर निघतो आणि जागा रिकाम्या ठेवणारा निर्णय मात्र त्याचा नसतो. म्हणून भांडण माणसाशी नको, मुदतीशी हवं. आता बरीच कामं 'आपले सरकार' पोर्टलवर होतात, त्यामुळे खेटे कमी झाले हे खरं. पण ज्या बाईला मोबाईलवर अर्ज भरता येत नाही, ती पुन्हा कुणाच्या तरी हातात सापडते. पूर्वी मोडी वाचणारा होता, आता पासवर्ड ठेवणारा एजंट आहे. कागद त्याच्याच नंबरवर नोंदवलेला असतो आणि मेसेजही त्यालाच जातो.

आमच्या एका गटातल्या बाईचं सांगते. मुलीच्या प्रवेशासाठी तिला उत्पन्नाचा दाखला हवा होता. एका कार्यालयात ती चार वेळा गेली, चारही वेळा "पुढच्या आठवड्यात या". अर्ज ओळखीच्या माणसाने भरलेला, पोच त्याच्याकडेच. बैठकीत ठरलं, आधी पोच आणायची. पोचीवर नंबर होता, तारीख होती आणि मुदत उलटून गेली होती. मग आम्ही पहिल्या अपिलाचा साधा अर्ज लिहिला, पोचीची झेरॉक्स जोडली आणि तिघी मिळून देऊन आलो. अपिलाची सुनावणी व्हायच्या आतच दाखला तयार झाला. कुणी आवाज चढवला नाही, कुणाला चहापाण्याचे पैसे दिले नाहीत. चार हेलपाट्यांत तिची चार दिवसांची मजुरी मात्र बुडाली होती, ती काही परत आली नाही.

यातून आमच्या गटांनी एक सवय लावून घेतली आहे, ती तुम्हीही लावून घ्या. बचतीच्या वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखायचे. अर्ज कुणाचा, कशाचा, कुठल्या तारखेला दिला, पोचीचा नंबर काय, मुदत कधी संपते. अर्जावर मोबाईल नंबर आपलाच. पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. कागद अपुरे असतील तर कुठले अपुरे, हे लिहून मागायचं. आणि दर महिन्याच्या बैठकीत हप्त्यांबरोबर ती पानंही वाचायची. मुदत उलटलेली दिसली की त्याच बैठकीत अपिलाचा अर्ज लिहायचा. एकटी बाई विचारायला गेली तर ती कटकट ठरते, दहा जणींच्या वहीत नोंद असली तर तो हिशेब ठरतो.

लखिनांनी कारकुनाच्या टेबलावर गठ्ठे लावले. आपल्या बाजूलाही दप्तर असायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे. पुढच्या बैठकीला येताना घरात असतील तेवढ्या पोचपावत्या पिशवीत घालून आणा. जुन्या, चुरगळलेल्या, कशाही. आपण एकत्र बसू आणि त्यातल्या कुठल्या अजून जिवंत आहेत ते पाहू.